नारळीकर सर आणि कसोटीची सवय

जयंत नारळीकरांबद्दल बोलताना आपण पुणेकर एक गोष्ट हळूच गाळतो. ज्या विचारावर त्यांनी उभं आयुष्य काम केलं, तो जगातल्या बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. माझ्या मते मुलांना हीच गोष्ट आधी सांगायला हवी.

थोडा इतिहास. जन्म १९३८, कोल्हापूर. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे शिक्षण बनारसला. १९५७ ला केंब्रिज, तिथे फ्रेड हॉइल हे गुरू. हॉइल यांचं म्हणणं असं की विश्वाला सुरुवातच नाही. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात हे खरं, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं आणि विश्व कायम साधारण सारखंच दिसतं. दुसरी बाजू म्हणायची, सगळं महास्फोटातून सुरू झालं.

या वादाचा निकाल आकाशाकडूनच मागायचा होता. मार्टिन राइल यांनी रेडिओ लहरी सोडणारे दूरचे स्रोत मोजले आणि १९६१ मध्ये जाहीर केलं की हॉइल यांचं गणित जुळत नाही. त्याला भर सभेत उत्तर द्यायला उभा राहिला तो हॉइल यांचा विद्यार्थी, म्हणजे नारळीकर. १९६४ मध्ये गुरुशिष्यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत गाजला आणि १९६५ ला, वयाच्या २६व्या वर्षी, पद्मभूषण मिळालं. नेमकं त्याच वर्षी पेन्झियास आणि विल्सन यांनी सगळ्या आकाशातून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडल्याचं प्रसिद्ध केलं. महास्फोटाच्या बाजूचा हा मोठा पुरावा. पारडं तिकडे झुकलं.

सर मात्र हटले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला. तोही फारसा मान्य झाला नाही. हट्ट म्हणा हवं तर. पण तो हट्ट कागदावर, गणितात, कुणीही तपासावं असा होता.

आता आपल्या पुण्याकडे या. १९८८ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आयुका सुरू झाली, सर तिचे संस्थापक संचालक. त्याच आयुकात महास्फोट गृहीत धरून काम करणारे संशोधक होते, त्या सूक्ष्मलहरींवरच अभ्यास करणारेही होते. साहेबांचा सिद्धांत वेगळा म्हणून कुणाचं काम अडलं नाही. आपल्याकडच्या किती संस्थांबद्दल असं म्हणता येईल, तुम्हीच सांगा.

हीच कसोटी त्यांनी फलज्योतिषालाही लावली. २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्यासोबत एक चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पाठवल्या आणि विचारलं, यातली कुठली कुणाची ते ओळखा. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं दिली. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५०च्या आसपास आली असती. चाचणीत शिवीगाळ नव्हती, कुणाच्या श्रद्धेची टिंगल नव्हती. दावा होता, तो तपासला, एवढंच.

पाच वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी, दाभोलकरांना आपल्या शनिवार पेठेला लागून असलेल्या ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. खटल्याचा निकाल यायला मे २०२४ उजाडलं. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. त्या पुलावरून आपण रोज गाड्या दामटत जातो.

२० मे २०२५ ला सर गेले. श्रद्धांजलीचे फलक लागले, भाषणं झाली. पण केंब्रिजमध्ये राइल आणि नारळीकर एकमेकांच्या विरोधात उभे राहिले ते आकडे घेऊन. हरलेल्या बाजूचा माणूस पुढे देशातली मोठी संस्था उभारू शकला आणि तिथे विरोधी मताला टेबल-खुर्ची देऊ शकला. शहाण्या समाजात वाद असे होतात.

म्हणून एक करा. पुढच्या वेळी कुणी पत्रिका, चमत्कार किंवा 'आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं' असं सांगू लागलं, तर चिडू नका. शांतपणे विचारा, "काय दिसलं तर तुम्ही तुमचं मत बदलाल?" आणि हाच प्रश्न स्वतःलाही विचारा. आपण पुणेकर आहोत, दुसरा भाग जरा जड जाईल.