भारतीय संरक्षण धोरणाची पुनर्रचना (१९६२–१९६६)

१९६२ च्या भारत–चीन युद्धातील पराभवानंतर भारताने आपल्या राष्ट्रीय सुरक्षेच्या कल्पनेत, सैन्यरचनेत आणि शस्त्रास्त्र उत्पादनात जे व्यापक बदल केले, त्यांना भारतीय संरक्षण धोरणाची पुनर्रचना असे म्हणता येते. हे बदल प्रामुख्याने यशवंतराव चव्हाण यांच्या संरक्षण मंत्रिपदाच्या कारकिर्दीत (२१ नोव्हेंबर १९६२ ते नोव्हेंबर १९६६) झाले. १९६५ च्या भारत–पाकिस्तान युद्धात त्यांची पहिली कसोटी लागली.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांत भारताच्या सुरक्षाविचाराचा भर अलिप्ततावादावर आणि राजनयावर होता. लष्करी धोका मुख्यतः पाकिस्तानकडून संभवतो, हे गृहीत धरून सैन्याची मांडणी झाली होती. चीनशी १९५४ मध्ये पंचशील तत्त्वांवर आधारित करार झाला होता. मर्यादित साधनसामग्री धरणे, पोलाद आणि शिक्षण यांवर खर्च व्हावी, असा पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या सरकारचा कल होता; त्यामुळे संरक्षणावरील खर्च कमी राहिला.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि ईशान्य सीमा प्रदेश या दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला. उंच पर्वतीय प्रदेशातील युद्धासाठी लागणारे गरम कपडे, रस्ते, शस्त्रे आणि प्रशिक्षण यांची उणीव या युद्धात उघड झाली. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि नेहरूंनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीस पाचारण केले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, असे या घटनेचे वर्णन मराठीत रूढ झाले. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, त्याच सुमारास चव्हाण यांनी सूत्रे हाती घेतली. १९६३ मध्ये ते नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले.

पराभवाची चिकित्सा

पराभवाच्या लष्करी कारणांचा शोध घेण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर पी. एस. भगत यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. त्यांचा अहवाल गोपनीय ठेवण्यात आला. मात्र २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाण यांनी लोकसभेत त्यावर निवेदन केले. प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्वव्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची आपल्या हाताखालील सैनिकांवर प्रभाव पाडण्याची क्षमता, हे चौकशीचे मुख्य विषय होते.

मेनन यांच्या काळात राजकीय नेतृत्व आणि सेनाधिकारी यांच्यात अविश्वास निर्माण झाला होता. चव्हाण यांनी तिन्ही सेनादलांचे प्रमुख आणि वरिष्ठ सचिव यांच्याबरोबर सकाळच्या नियमित बैठका सुरू केल्या. धोरण मंत्र्याने ठरवावे आणि रणांगणावरील निर्णय सेनाधिकाऱ्यांनी घ्यावेत, ही विभागणी यातून स्थिर होत गेली.

पुनर्रचनेचे स्वरूप

संरक्षण खर्च १९६१–६२ मधील सुमारे ३१२ कोटी रुपयांवरून १९६३–६४ मध्ये सुमारे ८१६ कोटी रुपयांवर गेला. एप्रिल १९६४ पासून पाच वर्षांची संरक्षण योजना लागू झाली. तिचा एकूण आराखडा सुमारे ५,००० कोटी रुपयांचा होता. योजनेतील प्रमुख उद्दिष्टे पुढीलप्रमाणे होती :

• ८ लाख २५ हजारांचे भूदल व पर्वतीय युद्धासाठी स्वतंत्र डिव्हिजन
• ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल
• सीमाभागात रस्ते व दळणवळणाच्या सोयी
• देशांतर्गत शस्त्रास्त्र उत्पादनाचा विस्तार

अधिकाऱ्यांची कमतरता भरून काढण्यासाठी आणीबाणीकालीन कमिशन देऊन तरुणांची भरती करण्यात आली. संरक्षण उत्पादनासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

शस्त्रास्त्रांबाबत भारताने एकाच गटावर विसंबून राहण्याचे टाळले. युद्धकाळात अमेरिका आणि ब्रिटन यांनी मदत केली होती. परंतु अत्याधुनिक लढाऊ विमाने देण्यास अमेरिका राजी झाली नाही. चव्हाण १९६४ मध्ये प्रथम अमेरिकेस आणि नंतर सोव्हिएत संघास गेले. सोव्हिएत सहकार्याने मिग–२१ विमानांच्या निर्मितीसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे उभा राहिला. मुंबईच्या माझगाव गोदीत ब्रिटिश सहकार्याने लिअँडर वर्गातील युद्धनौका बांधण्याचा निर्णयही याच काळातील असून, त्यातील पहिली नौका ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली.

अण्वस्त्रांचा प्रश्न

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिली अणुचाचणी केली. भारतानेही अणुबॉम्ब बनवावा, अशी मागणी संसदेत आणि वृत्तपत्रांत होऊ लागली. लालबहादूर शास्त्री यांच्या सरकारने अण्वस्त्रे न बनवण्याची भूमिका कायम ठेवली. मात्र शांततामय कारणांसाठीच्या स्फोटाच्या सैद्धान्तिक अभ्यासास वाव दिला.

१९६५ चे युद्ध

१ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानने छांब भागात रणगाड्यांसह हल्ला केला. त्याच दिवशी हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यांच्या विनंतीवरून चव्हाण यांनी हवाई दलाच्या वापरास संमती दिली. १९६२ मध्ये लढाऊ विमाने वापरली गेली नव्हती. त्यामुळे हा निर्णय महत्त्वाचा मानला जातो. ६ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याने पंजाबमध्ये आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली आणि १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद करार झाला. युद्धकाळात अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवल्याने भारताचे सोव्हिएत शस्त्रांवरील अवलंबित्व पुढे वाढत गेले.

याच वर्षी नवी दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये तिला माजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले.

अहिल्यानगर जिल्ह्याचा संबंध

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला, तसेच लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था आहे. रणगाड्यांच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या के. के. रेंज या क्षेत्राच्या विस्ताराचा प्रश्न नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांत दीर्घकाळ गाजला. मुळा धरणामुळे एकदा विस्थापित झालेल्या कुटुंबांचाही त्यास विरोध होता. राष्ट्रीय सुरक्षेसाठी लागणारी जमीन आणि शेतकऱ्यांची उपजीविका यांतील हा ताण संरक्षण धोरणाची स्थानिक बाजू दाखवतो. (राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे नगरपरिषदेचे शहर असून, तोफखाना प्रशाला असलेली देवळाली छावणी नाशिकजवळ आहे.)

मूल्यमापन

या पुनर्रचनेमुळे दोन आघाड्यांवर एकाच वेळी सज्ज राहण्याचा विचार भारतीय नियोजनात रुजला. १९७१ च्या युद्धातील यशाचा पाया या काळात घातला गेला, असे मानले जाते. तथापि भूदल व हवाई दलाच्या तुलनेत नौदलाकडे कमी लक्ष दिले गेले आणि तिन्ही दलांच्या संयुक्त नेतृत्वाचा प्रश्न अनिर्णित राहिला. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९९८ मध्ये, तर संरक्षणदल प्रमुख हे पद २०२० मध्ये प्रत्यक्षात आले. अन्नटंचाईच्या काळात संरक्षणावर किती खर्च करावा, हा वादही त्या वेळी झाला. विकास आणि सुरक्षा यांचा तोल हा पुढील काळातही भारतीय धोरणचर्चेचा मध्यवर्ती विषय राहिला.