मोटारसायकल ड्रॅग शर्यत
उभ्या स्थितीतून निघून सरळ धावपट्टीवर पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर अंतर कमीत कमी वेळात कापण्याची स्पर्धा. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही स्पर्धा भरवली गेली. राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी अशी शर्यत मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 189 नुसार गुन्हा आहे.

हिरवा दिवा लागला की स्वार निघतो. मात्र धाववेळ पुढचे चाक प्रारंभरेषेवरील प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावर मोजू लागतात. दिवा लागल्यापासून तोवरचा प्रतिसादवेळ वेगळा असतो. त्यामुळे जोडीने धावताना जास्त धाववेळ घेणारा स्वारही आधी पोहोचून जिंकू शकतो. खरे कसब पहिल्या काही मीटरांत दिसते. सुझुकी हायाबुसासारख्या 1,340 घनसेंमीच्या गाडीत ताकद मुबलक. क्लच घाईने सोडला तर पुढचे चाक उचलते किंवा मागचे जागीच फिरते. म्हणून मागचे चाक धरणारा स्विंगआर्म लांबवतात, गाडीची उंची कमी करतात आणि मागचा टायर जागेवर फिरवून तापवतात. बंगळूरूचे हेमंत मुद्दप्पा हे या प्रकारातील अनेक वेळचे राष्ट्रीय विजेते होत.