आधी केडगाव की लॉस एंजेलिस?

नेरळवरून जाणारा लोहमार्ग घाट चढतो, पुणे ओलांडतो आणि पुढे केडगावला पोचतो. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन कुठल्याही एका चर्चपंथाच्या ताब्यात नव्हतं. १८९६ च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींमुळे ते वाढलं. जून १९०५ मध्ये याच मुली रडत, पापं कबूल करत, एकत्र मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम म्हणून मात्र बहुतेक वेळा लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचं नाव येतं. ती सभा सुरू झाली एप्रिल १९०६ मध्ये!

म्हणून लगेच ‘सगळं केडगावातून निघालं’ असं लिहू नका. आधी घडलं म्हणजे कारण ठरलं, असं नसतं. दुवा दाखवावा लागतो. चिलीच्या बाबतीत तो सापडतो. मुक्तीतल्या मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये लिहिलेली पुस्तिका वालपराइसोला त्यांची वर्गमैत्रीण मे हूवर यांच्याकडे गेली. १९०९ मध्ये तिथे जागृती झाली आणि त्यातून मेथडिस्टांपासून वेगळं, स्वतंत्र चर्च उभं राहिलं.

तारखा जुळवताना प्रत्येक वेळी विचारा: इथून तिथे नेमकं काय गेलं? पत्र, पुस्तिका की माणूस? हे विचारलं नाही, तर दुष्काळातून आलेल्या त्या मुली इतिहासातून पुन्हा गळतात.