रंधा उरला, फळी गेली

१९९८ सालच्या दिवाळीत मी वडिलांची एक फळी जाळली. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आले होते. नरक चतुर्दशीच्या पहाटे बंबाला लाकडे कमी पडली, म्हणून माळ्यावरच्या अडगळीतून हाताला लागेल ते काढून फोडले. त्यात पाय मोडलेल्या पाटासारखी दिसणारी एक सागवानी फळी होती. तिच्यावर दुसरी अरुंद फळी ठोकलेली होती, वरच्या फळीच्या टोकाला एक शिसवी पट्टी आडवी बसवलेली होती आणि बाजूच्या खिळ्याला जुन्या पोस्टकार्डाचे काही तुकडे अडकवलेले होते. सागवानच ते, पटकन पेटले. वडिलांचा लोखंडी रंधा मात्र मी जपून ठेवला, कारण ते हत्यार आहे हे मला समजत होते. तो रंधा आणि ती फळी मिळून एकच हत्यार होते, हे समजायला पुढे बारा वर्षे जावी लागली.

वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी वाळूत जो साचा घेतात, त्यासाठी आधी हव्या त्या भागाची लाकडी प्रतिकृती करावी लागते. तिला पॅटर्न म्हणतात. दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे हेच काम चाले. ते गेल्यावर मी सुतारी हत्यारांच्या इतिहासाविषयी मिळेल ते वाचत गेलो. एका जुन्या इंग्रजी पुस्तकातल्या आकृतीवर नजर गेली आणि मी पुस्तक मिटून ठेवले. आकृतीत आमच्या बंबात गेलेली फळी होती. तिचे नाव शूटिंग बोर्ड.

या नावाचा गोळीबाराशी काही संबंध नाही. फळीची कड सांध्यासाठी सरळ रंधून घेणे, याला इंग्रज सुतार निदान साडेतीनशे वर्षे ‘शूट करणे’ म्हणत आले आहेत. या फळीवर चालणारा तो शूटिंग प्लेन, आणि त्यांचे मुख्य काम म्हणजे लाकडाचे तोंड रंधणे.

तोंड रंधणे इतके वेगळे का, हे समजण्यासाठी लाकडाची रचना पाहावी लागते. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची गच्च बांधलेली मोळी. लांबीच्या दिशेने रंधा मारला की पाते या नळ्यांच्या अंगावरून सरकते आणि लांब ढलपी निघते. फळीच्या टोकाशी मात्र सगळ्या नळ्या तुटलेल्या, तोंड उघडे टाकून उभ्या असतात. तिथे पात्याला प्रत्येक नळी आडवी छाटावी लागते. पाते जरा बोथट असले तर ढलपीऐवजी भुसा पडतो. शिवाय पाते पलीकडच्या कडेला पोचते तेव्हा शेवटच्या नळ्यांच्या मागे आधार नसतो, त्यामुळे त्या कापल्या न जाता चिरफळ्या होऊन सुटतात. तिसरी अडचण हाताची. जेमतेम पाऊण इंच जाडीच्या तोंडावर रंधा तोलून धरायचा आणि गुण्यातही राहायचे, हे फार थोड्या हातांना साधते.

शूटिंग बोर्ड या तिन्ही अडचणींना एकदम उत्तर देतो. खालची फळी रुंद, वरची अरुंद, त्यामुळे एका बाजूला पायरी तयार होते. त्या पायरीवर रंधा आडवा, कुशीवर निजवायचा. काम वरच्या फळीवर ठेवून टोकाच्या आडव्या पट्टीला दाबून धरायचे आणि रंधा पुढे सारायचा. पट्टी काटकोनात असेल तर तोंड काटकोनातच निघते. शेवटच्या नळ्यांना पट्टीचा आधार मिळतो, म्हणून कड फुटत नाही. रंधा स्वतःच्या वजनाने फळीवर टेकलेला असल्यामुळे तो डोलत नाही. धार लावायचे काम तेवढे सुताराकडे राहते.

यात आणखी एक खुबी आहे. रंध्याचे पाते तळाच्या पूर्ण रुंदीचे नसते, दोन्ही बाजूंना लोखंडाची बारीक पट्टी मोकळी राहते. म्हणून रंधा आडवा चालवला की पहिल्या काही हातांत पाते वरच्या फळीच्या कडेवर एक बारीक खाच पाडते, पण खाचेखालची कड शाबूत राहते. रंध्याच्या तळाची मोकळी पट्टी त्या कडेला घासत चालते आणि रंधा आणखी आत शिरू शकत नाही. फळी आपली मर्यादा रंध्याकडूनच आखून घेते, आणि मग वर्षानुवर्षे तो तिला खात नाही.

आता इतिहासाकडे वळतो. रंधा हे पुरातन हत्यार आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत रोमन रंधे सापडले आहेत. १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्रज लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढले गेले. त्याच्या अवशेषांतही जहाजावरच्या सुताराची हत्यारे मिळाली आणि त्यांत रंधे होते. म्हणजे रंध्याचा पुरावा भरपूर आहे. फळीचा इतिहास शोधायला गेलो की मात्र हात रिकामे राहतात, आणि तिच्यासाठी मुख्यतः छापील पुस्तकांकडेच जावे लागते.

लंडनच्या जोसेफ मॉक्सनने १६७८ पासून ‘मेकॅनिक एक्झरसायझेस’ ही पुस्तकमाला हप्त्याहप्त्याने छापायला घेतली. साहित्याच्या वाचकांना हा मॉक्सन दुसऱ्या कारणाने जवळचा वाटावा. याच मालेच्या पुढच्या भागात, १६८३ पासून, त्याने खिळे पाडण्यापासून छपाईपर्यंत मुद्रणकलेची सविस्तर माहिती दिली. त्याआधीच्या सुतारकामाच्या भागात तो ‘स्ट्राइक ब्लॉक’ नावाच्या आखूड रंध्याविषयी सांगतो. कोनात कापलेली तोंडे साफ करताना हा रंधा उलटा, तळ वर करून एका हातात धरायचा आणि दुसऱ्या हातातले लाकूड त्यावर दाबून सरकवायचे, अशी त्याची रीत. या रीतीत फळी नाही. काटकोन असो की अर्धकोन, तो राखायचा हाताने आणि तपासायचा गुण्याने.

पीटर निकल्सनच्या १८१२ सालच्या पुस्तकातही आखूड सांधे आणि कोनांसाठी वेगळा रंधा आहे. १८४६ मध्ये चार्ल्स होल्ट्झॅपफेलच्या मोठ्या ग्रंथाचा दुसरा खंड निघाला. त्यात शूटिंग बोर्ड आकृतीसह, नेहमीच्या वापरातली वस्तू म्हणून येतो. मॉक्सनपासून होल्ट्झॅपफेलपर्यंतच्या सुमारे १७० वर्षांत, निदान पुस्तकांपुरता, काटकोन सुताराच्या मनगटातून निघून फळीत जाऊन बसला.

डेव्हिड पाय या इंग्रज कारागीर-अभ्यासकाने १९६८ साली कारागिरीचे दोन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात काम करताना प्रत्येक क्षणी ते बिघडण्याची जोखीम असते, दुसऱ्यात निकाल आधीच ठरलेला असतो. लेखणीने लिहिणे पहिल्या प्रकारचे, यंत्रावर छापणे दुसऱ्या प्रकारचे. शूटिंग बोर्ड या दोहोंच्या मध्ये बसतो. कोन ठरलेला, पण धार, दाब आणि किती हात मारायचे हे अजून माणसाचे. एक फळी घेऊन जोखमीचा एक हिस्सा तिच्याकडे सोपवण्याची ही युक्ती सुतारांनी स्वतःच, उरलेल्या तुकड्यांतून केली.

उरलेल्या तुकड्यांतून केली, म्हणूनच तिचा इतिहास उरला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या रंध्यांवर कर्त्यांचे शिक्के आहेत. स्कॉटलंडमधील एअर गावच्या स्ट्युअर्ट स्पायर्सचे लोखंडी रंधे आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. फळीवर शिक्का कोण मारणार? ती ज्याची त्याने करायची, झिजली की पट्टी बदलायची, अगदीच गेली की चुलीत घालायची. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारे मांडली जात. रंध्याला, करवतीला, पटाशीला हळदकुंकू लागे. फळी त्या दिवशी भिंतीला टेकून उभी असे. तिला कुणी कुंकू लावल्याचे मला आठवत नाही. मी ती जाळली हे खरे, पण तिला हत्यारांत न धरण्याची रीत माझ्या आधीपासूनची होती.

फळीला शिक्का मिळाला तो अमेरिकेत. कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावच्या स्टॅन्ले कंपनीने १९०९ च्या सुमारास ५२ क्रमांकाचा संच काढला. त्यात ओतीव लोखंडाची सुमारे २२ इंच लांब फळी, तिच्यावर हव्या त्या कोनात फिरवून पक्की करता येणारी पट्टी आणि १५ इंच लांबीचा, तिरपे पाते बसवलेला ५१ क्रमांकाचा रंधा असे. पाते तिरपे असले की धार एका टोकाकडून लाकडात शिरते आणि तोंड धक्का न बसता कापले जाते. हा संच घेणाऱ्यांत पॅटर्नमेकर मोठ्या संख्येने होते. पण तोंडे छाटणारी ट्रिमर यंत्रे आणि सॅंडरच्या चकत्या कारखान्यांत येत गेल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, तो संच बंद झाला. अलीकडे मेन राज्यातल्या ली-नील्सनने आणि कॅनडातल्या व्हेरिटासने असे रंधे पुन्हा काढले आहेत. फळी मात्र बहुतेक जण अजूनही आपली आपणच करतात.

पॅटर्नमेकरला या हत्याराची एवढी गरज का, हे एका साध्या हिशोबाने कळते. चाकाच्या कड्याचा पॅटर्न एका लाकडातून कापला तर आडव्या नसांच्या जागी तो तुटतो. म्हणून कडे सहा तुकड्यांचे जुळवतात आणि वरच्या थराचे सांधे विटांसारखे सरकवून घेतात. सहा तुकड्यांची बारा तोंडे. प्रत्येक तोंड अर्धाच अंश चुकले, तरी शेवटच्या सांध्याला सहा अंशांची फट पडते. दीडशे मिलिमीटर त्रिज्येच्या कड्यावर ही फट पंधरा मिलिमीटरहून जास्त होते. बारा वेळा तोच कोन यावा लागतो, आणि हातापेक्षा फळीला हे अधिक भरवशाने जमते.

पोस्टकार्डांचा उलगडाही पॅटर्नच्या गरजेतून झाला. पॅटर्न वाळूतून अलगद वर निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो, नाहीतर साच्याची कड ढासळते. कामाच्या एका कडेखाली कार्डाचे एकदोन तुकडे सरकवले की तोंड तेवढेच तिरपे रंधले जाते. जाडी हवी तशी वाढवायची, कमी करायची. मी कचरा समजून ज्यांनी बंब पेटवला, ती वडिलांची मोजमापे होती.

फळी गेल्यावर तिची माहिती काढायची कुठून? माझ्याकडे दोन साक्षीदार उरले होते. एक रंधा स्वतः. त्याची उजवी कूस आरशासारखी घासलेली आहे, डावीवर अजून मूळ रंगाचे ठिपके दिसतात. उजव्या हाताने सारलेला रंधा फळीवर उजव्या कुशीवरच निजतो. पात्याची धारही उजव्या अंगाला जास्त झिजली आहे, कारण आडव्या रंध्यात कामाची जाडी तेवढ्याच भागाला लागते. दुसरा साक्षीदार आमच्या पुढच्या खोलीची भिंत. फरशीलगत, वीतभर रुंदीत, तिचा गिलावा खरवडून विटा दिसत होत्या. युरोपातल्या शूटिंग बोर्डाला खालून एक आडवी पट्टी असते, ती टेबलाच्या कडेला अडकते. वडिलांकडे टेबल नव्हते. ते खाली बसून काम करत. रंध्याचा रेटा सोसायला त्यांनी फळीचे टोक भिंतीला लावले आणि अलीकडचे टोक पायाच्या अंगठ्याने दाबले. पुस्तकातले हत्यार असे जमिनीवर उतरले होते.

या दोन खुणांवरून २०११ साली मी तशी फळी करून पाहिली. खाली सागवान, वर सागवान, पट्टीला शिसव. पहिल्या दिवशी तोंडे फुटली, कारण पट्टी आणि वरच्या फळीची कड यांत कागदाएवढी फट राहिली होती. पट्टी थोडी बाहेर काढून रंध्यानेच छाटून घेतल्यावर आधार नेमका झाला. पाते पुन्हा परजले. मग तोंडावरून भुशाऐवजी पातळ, मऊ ढलपी निघाली. ती उजेडात धरली की नळ्यांची बारीक जाळी दिसते. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून मी अशा ढलप्या डोळ्याला लावून दिव्याकडे पाहत असे. हे मी पूर्ण विसरलो होतो.

या लेखाचे निमित्त साधून वाचकांना एक विनंती करतो. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एखादी न कळणारी फळी, पट्टी, ठोकळा निघेल. घरात कुणी सुतार, शिंपी, चांभार, कासार, सोनार होऊन गेले असेल तर ती वस्तू फेकण्याआधी तिच्यावरची झीज पाहा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. विकत घेतलेली हत्यारे कुठे ना कुठे नोंदवली गेली आहेत. कारागिरांनी स्वतःसाठी केलेली हत्यारे फक्त अशा माळ्यांवर आहेत.

माझ्या फळीच्या मागे मी पेन्सिलीने वडिलांचे नाव आणि त्यांचा धंदा लिहिला आहे. खंडेनवमीला आता ती रंध्याच्या शेजारी मांडतो.