जपानच्या भरभराटीचा हिशेब



एखादें राष्ट्र श्रीमंत कसें होतें, ह्या प्रश्नाला आपल्याकडे घरोघर ठरलेलें एक उत्तर आहे: काटकसरीनें. थेंबें थेंबें तळें सांचे, असें आपण मुलांना लहानपणींच सांगून ठेवतों. एका कुटुंबापुरतें हें उत्तर पुष्कळसें खरें आहे. राष्ट्राच्या बाबतींत मात्र तें अर्धेंच खरें ठरतें; आणि उरलेलें अर्धें काय, हें नीट मांडण्यास अर्थशास्त्राला विसावें शतक निम्मे संपेपर्यंत अवधि लागला. त्या उरलेल्या अर्ध्याचा मागोवा आज मी जपानच्या इतिहासांत घेणार आहें.

प्रथम तो विचार थोडक्यांत सांगतों. १९५६ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट सोलो आणि ऑस्ट्रेलियांत ट्रेव्हर स्वान ह्या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, तो प्रसिद्ध केला. त्यांतलें गणित आपण बाजूला ठेवूं. समजा, एका कोष्ट्याच्या घरीं माग एक आहे आणि काम करणारीं माणसें दोन. पैसा सांठवून त्यानें दुसरा माग घेतला, तर कापड जवळजवळ दुप्पट निघेल. तिसरा घेतला तर थोडेंच अधिक निघेल, आणि चवथा ओसरीवर धूळ खात पडेल. कारण तो चालविणार कोण? शिवाय असलेले माग झिजतात, त्यांची डागडुजी करावी लागते. अखेर असा दिवस उजाडतो कीं, सारी बचत डागडुजींतच संपते आणि नवा माग कांहीं येत नाहीं. घरांत माणसें वाढलीं तर उलट प्रसंग ओढवतो: माग तेवढेच राहतात, हात वाढतात, आणि दर हातामागें कापड घटतें. म्हणून अधिक शिल्लक टाकणारें घर शेजाऱ्यापेक्षां वरच्या पायरीवर जाईल, पण तेथें जाऊन थांबेल. त्यापुढें चढत राहावयाचें तर विणण्याची रीतच सुधारली पाहिजे.

पुढच्याच वर्षीं, १९५७ सालीं, सोलोनें अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ ह्या चाळीस वर्षांचा हिशेब तपासला. मजुराच्या तासाभराच्या श्रमाचें उत्पन्न तेवढ्या काळांत दुप्पट झालें होतें. त्या वाढीपैकीं भांडवल वाढल्यामुळें आलेला भाग अवघा एक-अष्टमांश निघाला. बाकीचे सात भाग त्यानें तंत्रांतील सुधारणेच्या खात्यावर मांडले. मोझेस अब्रामोविट्झ नांवाच्या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञानें अशाच एका शिलकी आंकड्याला आपल्या अज्ञानाचें माप म्हटलें होतें, आणि मला तें अधिक प्रामाणिक वाटतें. बचतीचा आंकडा पेढीवर मिळतो, माणसांचा शिरगणतींत मिळतो. तंत्राची वही कोणी ठेवलेली नसते. तें पाहावयाचें तर गिरण्यांत आणि खेड्यांतच जावें लागतें.

जपानांत तोकुगावा शोगुनांच्या राजवटींत १७२१ सालीं माणसें मोजलीं, तेव्हां सामुराई व इतर कांहीं वर्ग सोडून सुमारें २ कोटी ६० लाख भरलीं. पुढें सव्वाशें वर्षें हा आंकडा जवळजवळ जागच्या जागीं राहिला. दुष्काळ, उशिरां होणारीं लग्नें, आणि नकोसें झालेलें अर्भक न वाढविण्याची क्रूर रूढि, ह्यांनीं तो तेथें बांधून ठेविला होता. अन्नाच्या मानानें माणसें वाढतात आणि मग संकटेंच त्यांना आवर घालतात, असें इंग्लंडांत माल्थसनें १७९८ सालीं लिहिलें. त्याला ह्या बेटांहून चांगला दाखला क्वचितच मिळाला असता. आणि तरीही १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर चित्र पालटलें. १९२० च्या पहिल्या आधुनिक शिरगणतींत ५ कोटी ६० लाखांजवळ माणसें होतीं, आणि दर माणशीं उत्पन्न घटण्याऐवजीं वाढलें होतें.

हें भांडवल आलें कोठून? १८७५ सालीं माएजिमा हिसोका ह्यांनीं पोस्टांत बचतखातें उघडलें, व जपानी माणसाच्या काटकसरीचें कौतुक करतांना त्याचा दाखला नेहमीं दिला जातो. पण आरंभींचा खरा पैसा त्या खात्यांतून आला नाहीं. तो जमीनसाऱ्यांतून आला. १८७३ च्या कायद्यानें जमिनीच्या ठरविलेल्या किंमतीवर शेंकडा ३ इतका सारा रोख भरावयाचा ठरला. पीक बुडो कीं पिको, आंकडा तोच. सरकारी उत्पन्नाचा बहुतेक भार ह्या एका करावर होता. शेतकऱ्यांनीं दंगे केले, तेव्हां १८७७ सालीं तो शेंकडा अडीचवर आला. पुढें १८८१ पासून अर्थमंत्री मात्सुकाता ह्यांनीं चलन आंवळलें. तांदुळाचे व रेशमाचे भाव कोसळले, सारा मात्र कमी झाला नाहीं. असंख्य कुळांच्या जमिनी सावकाराघरीं गेल्या. १८८४ सालीं चिचिबु खोऱ्यांतील रेशीम काढणारे कर्जबाजारी शेतकरी सावकारांचे दस्तऐवज जाळीत उठले. सरकारनें लष्कर पाठवून त्यांना मोडलें. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ह्या साऱ्याला बचत हा एकच शब्द आहे. ज्यानें टाकली तो ती स्वतःच्या इच्छेनें टाकीत होता कीं नव्हता, हें त्या शब्दावरून कळत नाहीं.

सारा आपल्याकडेही होता आणि तोही कठोर होता. परंतु इकडच्या महसुलाचा एक मोठा भाग होम चार्जेस म्हणून दरसाल लंडनला जात असे, हें दादाभाई नौरोजींनीं जन्मभर मांडलें. जपानी शेतकऱ्याचा पैसा निदान जपानांतच राहून रेल्वे, तारायंत्रें, शाळा व कारखाने ह्यांत पडला. कांहीं आरमारांतही गेला. १८९५ नंतर तर हरलेल्या चीनकडून २० कोटी टेल चांदी दंड म्हणून मिळाली, व त्या जोरावर जपाननें १८९७ सालीं सुवर्णचलन घेतलें. ही दुसऱ्याच्या घरची बचत होय, आणि जपानच्या काटकसरीचा गौरव करणारे तिचा उल्लेख सहसा करीत नाहींत.

आतां तंत्राकडे वळूं. कारण खरी गोष्ट येथें आहे. १८७२ सालीं सरकारनें तोमिओका येथें रेशमाची नमुनेदार गिरणी काढली. पॉल ब्रुना नांवाचा फ्रेंच तज्ज्ञ आणला, फ्रान्सांतून लोखंडी यंत्रें आणलीं, विटांची भव्य इमारत उठविली, ३०० कढया मांडल्या. प्रारंभीं कामाला मुली येईनात, कारण फ्रेंच लोक माणसाचें रक्त पितात अशी वदंता होती. तें रक्त म्हणजे त्यांच्या पेल्यांतली तांबडी वाइन. शेवटीं सामुराईंच्या मुलींनीं पुढाकार घेतला. गिरणी उत्तम चालली, रेशीमही उत्तम निघालें. पण इतकी महाग गिरणी दुसऱ्या कोणास बांधतां येईना.

मग सुवा प्रांतांतील खेडवळ रेशीमवाल्यांनीं एक युक्ति केली. त्यांनीं तोमिओकाची रीत घेतली आणि तिच्यांतलें लोखंड सोडून दिलें. सांगाडा गांवच्या सुतारानें लांकडाचा केला, कढई कुंभारानें भाजून दिली, चाक ओढ्याच्या पाण्यावर फिरविलें. सूत तोमिओकाइतकें तलम नव्हतें. परंतु तें एकसारखें होतें, आणि अमेरिकेंतील मागांना तेवढें पुरे होतें. १९०९ च्या सुमारास कच्च्या रेशमाच्या निर्यातींत जपाननें चीनला मागें टाकलें. भांडवल थोडें आणि हात पुष्कळ असतांना कोणतें यंत्र शोभतें, ह्याचें उत्तर तोकियोच्या मंत्र्यांआधीं सुवाच्या सुतारांना सांपडलें, असें मला वाटतें.

कापसाच्या सुतांत हीच कथा पुन्हां घडली, आणि तिच्याशीं आपला जवळचा संबंध आहे. सरकारनें प्रथम दोन दोन हजार चात्यांच्या लहान गिरण्या पाण्यावर चालविण्यास दिल्या, त्या रखडल्या. तेव्हां शिबुसावा एइची ह्यांनीं खाजगी भांडवल गोळा केलें, यामानोबे ताकेओ ह्या तरुणाला सूतकताई शिकण्यास इंग्लंडांत ठेवलें, आणि १८८३ सालीं ओसाका येथें १०,५०० चात्यांची वाफेवरची गिरणी सुरू केली. यंत्रें महाग म्हणून तीं रात्रंदिवस दोन पाळ्यांत चालविलीं. १८८६ पासून त्यासाठीं विजेचे दिवे आले. एका यंत्राकडून दोन यंत्रांचें काम घेणें, हीही एक प्रकारची बचतच!

त्या काळीं लँकेशायरमध्यें म्यूल जातीच्या यंत्रावर कताई होत असे, आणि त्याला वर्षानुवर्षें मुरलेला कसबी पुरुष कामगार लागे. रिंग जातीचें यंत्र नवें होतें. त्यावर थोड्या दिवसांत शिकलेली मुलगीही काम करूं शके. मात्र त्याला बळकट धाग्याचा कापूस हवा असे. आपल्याकडे जमशेटजी टाटांनीं नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्यें १८८० च्या दशकाच्या आरंभींच रिंग चालवून पाहिली होती. जपानी गिरण्यांनीं १८८७ नंतर दोन-तीन वर्षांत नवी खरेदी बहुतेक सगळी रिंगचीच केली. कापसाची अडचण त्यांनीं मिश्रणानें सोडविली: आंखूड धाग्याचा स्वस्त हिंदी कापूस आणि लांब धाग्याचा अमेरिकन कापूस, दोन्ही अचूक प्रमाणांत पिंजावयाचे. हा हिशेब कोठल्याही यंत्राबरोबर विकत मिळत नव्हता. १८९३ सालीं टाटा व निप्पॉन युसेन कैशा ह्यांनीं मिळून मुंबई-जपान आगबोटी सुरू केल्या आणि पी. अँड ओ. कंपनीच्या भाडेदरांची मक्तेदारी मोडली. गंमत अशी कीं, १८८० च्या दशकांत मुंबईचें सूत जपानांत खपत होतें. १८९७ सालीं जपानची सुताची निर्यात आयातीहून अधिक झाली, आणि चीनच्या बाजारांतून मुंबईकरांना तें हटवूं लागलें. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला जपानचें गिऱ्हाईक मिळालें, मुंबईच्या सुताचें गेलें.

परंतु रिंगवर रात्रपाळी करणारी ती मुलगी कोण होती? बहुधा त्याच साऱ्याखालीं पिचलेल्या शेतकऱ्याची लेक. बापानें दलालाकडून उचल घेतलेली असे, ती फिटेपर्यंत पोरगी गिरणीच्या कोंडवाड्यासारख्या वसतिगृहांत राही. हिंदुस्थानांत १८९१ च्या कायद्यानें गिरणींतील स्त्रियांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली होती. जपानचा कारखाने-कायदा १९११ सालीं झाला, अंमलांत १९१६ सालीं आला, आणि स्त्रियांची रात्रपाळी प्रत्यक्षांत १९२९ पर्यंत चालली. कित्येक मुली क्षय घेऊन गांवीं परतल्या. होसोई वाकिझो ह्या गिरणीकामगारानें १९२५ सालीं त्यांची कहाणी ग्रंथरूपानें छापली आणि त्याच वर्षीं तो वारला. विपुल स्वस्त श्रम असतां नफा वाढतो आणि नफ्यांतून भांडवल वाढतें, असें आर्थर लुइस ह्यांनीं १९५४ सालीं शास्त्रीय भाषेंत दाखविलें. त्यांचें विधान खोटें नाहीं. ओसाकाच्या भागीदारांच्या वहींत ज्याला नफा म्हटलें आहे, त्यांतला बराचसा भाग ह्या मुलींच्या न मिळालेल्या मजुरीचा होता, एवढेंच मला त्यांत जोडावयाचें आहे.

मागांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. तोयोदा साकिची हा सुताराचा मुलगा. १८९१ सालीं त्याला लांकडी हातमागाचें पेटंट मिळालें; पुढें लांकूड व लोखंड मिळून स्वस्त यंत्रमाग त्यानें केला; १९२४ सालीं चालत्या मागांत धोटा आपोआप बदलणारा माग सिद्ध झाला. जपानी गिरण्यांना पिढीभर यंत्रें विकणाऱ्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनें १९२९ सालीं त्या मागाचे हक्क १ लाख पौंडांस विकत घेतले.

महायुद्धानें १९४५ पर्यंत शहरें व कारखाने जाळले. माग, चात्या, आगबोटी बहुतांशीं गेल्या. शिकलेलीं माणसें उरलीं. विसाव्या शतकाच्या प्रारंभींच दहांतलीं नऊ मुलें शाळेंत जाऊं लागलीं होतीं, ही पुंजी बाँबनें जळणारी नव्हती. १९५५ पासून १९७३ पर्यंत जपानचें उत्पन्न दरसाल शेंकडा ९-१० नीं वाढलें. बचत आतां खरोखरच प्रचंड झाली. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा नव्या भांडवलांत पडूं लागला. तंत्रही पूर्वीच्याच पद्धतीनें आलें: ट्रांझिस्टरचा परवाना अमेरिकेचा, पण त्याचा स्वस्त, खिशांत मावेल असा रेडिओ करून जगभर विकणारे जपानी. रेडिओच्या श्रोत्यांना हें वेगळें सांगणें नको.

आणि ह्याच वेळीं लोकसंख्येनेंही साथ दिली. १९४७ ते १९४९ ह्या तीन वर्षांत दरसाल २६ लाखांहून अधिक मुलें जन्मलीं. नंतर दहा वर्षांच्या आंत जननाचें प्रमाण निम्म्याहूनही खालीं आलें. म्हणजे कमावणारे पुष्कळ, खाणारीं लहान तोंडें थोडीं, म्हाताऱ्यांची संख्या अजून बेताची. सोलोच्या कोष्ट्याच्या घरांत ह्याहून अनुकूल काळ येणें नाहीं. तो एकदांच येतो, कारण तेच कमावणारे पुढें म्हातारे होतात.

१९९१ च्या सुमारास जमिनीचे व शेअरांचे फुगलेले भाव फुटले, आणि वाढ शेंकडा एकाच्या आसपास येऊन ठेपली. ह्याचा दोष केवळ पेढ्यांवर टाकण्याची रीत आहे. मला ती पुरेशी वाटत नाहीं. १९९५ नंतर कमावत्या वयाचीं माणसेंच कमी होऊं लागलीं, २००८ च्या सुमारास एकूण लोकसंख्या १२ कोटी ८० लाखांवर पोंचून उतरणीस लागली, आणि २०२२ सालीं ८ लाखांहूनही कमी मुलें जन्मलीं. कमावत्या वयाच्या दर माणशीं हिशेब केला, तर जपान ह्या वर्षांत अमेरिकेच्या फारसा मागें पडलेला दिसत नाहीं. माणसेंच थोडीं झालीं. बचत मात्र अजून आहे, इतकी कीं तिला कोणी विचारीना. ठेवींवरचें व्याज कित्येक वर्षें शून्याला टेकलेलें होतें, आणि २०१६ पासून मार्च २०२४ पर्यंत तेथील मध्यवर्ती बँकेचा दर शून्याच्याही खालीं होता. पोस्टांत पैसे ठेवणाऱ्या माएजिमांच्या खातेदारांना ही कल्पनाही सहन झाली नसती.

तोमिओकाची गिरणी १९८७ सालीं बंद झाली. योगायोगानें सोलोला नोबेल पारितोषिक मिळालें तें त्याच वर्षीं. १८८५ सालीं जपान सरकारनें आपल्या देशांत पोट न भरणाऱ्या शेतकऱ्यांना करारानें हवाईच्या ऊंसमळ्यांत धाडलें होतें, १९०८ सालीं ब्राझीलला जाणारी पहिली बोट कोबेहून सुटली. एप्रिल २०१९ पासून त्याच देशानें परदेशी कामगारांसाठीं नवा परवाना सुरू केला आहे. तो ज्या धंद्यांसाठीं आहे त्यांत शेती आहे, जहाजबांधणी आहे, आणि वृद्धांची शुश्रूषाही आहे.