खबर शिवाराची

बोलायचं रेडिओवरून आहे, तर सुरुवातही रेडिओच्याच एका जुन्या हकिगतीनं करतो. साल १९५६. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं आणि आपला नाशिक जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं श्रोता मंडळ. त्याचा एक अध्यक्ष, एक चिटणीस. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. तो सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचा. रेडिओ बंद झाला की मग खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. ऐकलेल्या गोष्टीवर मंडळी आपसात बोलायची. हे आपल्या गावात जमेल का, जमायचं तर आधी काय करावं लागेल, यावर वाद व्हायचे. चिटणीस ते कागदावर उतरवायचा आणि मंडळाच्या शंका पुण्याला कळवायचा. त्यांची उत्तरं पुन्हा रेडिओवरूनच यायची.

प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली. तुलनेसाठी आणखीही गावं घेतली होती. काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तर काहींत रेडिओच नव्हता. निष्कर्ष ऐकण्यासारखा आहे. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. मंडळाशिवाय नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारशी वाढली नाही. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे हिंदीतले नामवंत नाटककार. त्यांनी आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगावर लिहिलेलं पुस्तक युनेस्कोनं १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी ही मंडळांची योजना देशभर नेण्याचं ठरलं.

आता मूळ कल्पना कुठली, तर कॅनडातली. तिथं १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालत होती. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती एकट्या कुणाची नव्हती. कॅनडाचं नभोवाणी मंडळ, प्रौढशिक्षणाची राष्ट्रीय संघटना आणि शेतकरी संघटनांचा महासंघ अशा तिघांनी मिळून ती चालवली. आवाज एकानं दिला, शिकवण्याची रीत दुसऱ्यानं दिली आणि माणसं तिसऱ्यानं जमवली. तिघांचे स्वभाव वेगळे, गरजा वेगळ्या. पण तिघांपैकी एक जरी नसता तरी हे काम उभं राहिलं नसतं. कार्यक्रमाच्या आधी छापील पत्रिका मंडळांकडे जायची. त्यांचं बोधवाक्य चार क्रियापदांचं होतं. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा.

आपल्याकडे येताना त्या चारांतलं एक गळालं. आपलं बोधवाक्य झालं, ऐका, चर्चा करा, कृती करा. 'वाचा' गेलं. ते का गेलं हे सांगायला नको. १९५१च्या जनगणनेत देशातली शंभरातली अठराच माणसं साक्षर होती. पण शेतीचं काही ज्ञान असं असतं, की ते कानावरून जाऊन भागत नाही. ते खिशात ठेवावं लागतं, पुन्हा पुन्हा काढून बघावं लागतं. ते गळालेलं क्रियापद आपल्या जिल्ह्यात परत आणलं ते, माझ्या मते, द्राक्षांनी.

द्राक्ष हे नाजूक पीक. वर्षातून दोनदा छाटणी. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. ऑक्टोबर छाटणीनंतर कितव्या दिवशी काय करायचं, कितव्या दिवशी संजीवकात घड बुडवायचे, विरळणी कधी करायची, याचं पंचांगच असतं. एक ढगाळ आठवडा आला की बाग हातची जाते. अशा पिकाला ऐकीव सल्ला पुरत नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला. पुणे, नाशिक, सांगली आणि सोलापूर हे त्याचे चार विभाग. संघानं 'द्राक्षवृत्त' हे मासिक काढलं आणि छाटणीच्या हंगामाआधी चर्चासत्रं भरवण्याची प्रथा पाडली. मासिक वाचायचं, चर्चासत्रात ऐकायचं, बांधावर बोलायचं आणि बागेत करायचं. चारही क्रियापदं एकत्र आली.

मी कविता लिहिणारा माणूस. त्यामुळे अशा मासिकांत माझं लक्ष आधी शब्दांकडे जातं. द्राक्षावरच्या एका रोगाला आपल्या भाषेत 'केवडा' म्हणतात. कवीला केवडा म्हणजे सुगंध, बागायतदाराला केवडा म्हणजे झोप उडवणारी गोष्ट. शास्त्रज्ञ 'डाउनी मिल्ड्यू' म्हणतात, शेतकऱ्यानं त्याचा 'डावणी' केला. दुसऱ्या एका रोगाला पानावरच्या राखाडी पुडीवरून 'भुरी' हे नाव मिळालं. हार्मोनसारखं काम करणाऱ्या औषधाला 'संजीवक' हा किती छान शब्द रुळला! हे शब्द एका माणसानं बसून केलेले नाहीत. शास्त्रज्ञ, बागायतदार, औषधविक्रेता आणि छापणारा यांच्या बोलाचालीतून ते घडले. शास्त्रज्ञाचा शब्द शेतकऱ्याला कळला पाहिजे आणि शेतकऱ्याचा शब्द शास्त्रज्ञाला चालला पाहिजे. अशा मासिकांनी मराठीला दिलेली ही देणगी आपल्या साहित्य संमेलनांत फारशी कुणी मोजत नाही.

आणि बातमीबरोबर काड्याही फिरल्या. थॉमसन सीडलेस ही परदेशी जात. तिच्यातून सांगली जिल्ह्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' निवडली. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' निवडली. दोघेही शेतकरी. अशी लांब मण्यांची, वेगळी वेल एखाद्यानं कुंपणात दडवून ठेवली असती, तर त्याचा एकट्याचा चार वर्षं फायदा झाला असता. तसं झालं नाही. या वाणांच्या बागा जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिल्या.

दडवण्याचा मोह मात्र जुना आहे, आणि तो मला घरबसल्या माहीत आहे. आमचं घराणं बागवानांचं. फारसीतला 'बागवान' म्हणजे बाग राखणारा. पुढं तो फळं-भाजी विकणाराही झाला. अब्बा आडतीवर हिशेब लिहायचे. ते जुन्या सौद्यांची गोष्ट सांगायचे. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीच उभा. पण भाव त्याच्या डोळ्यांसमोर ठरूनही त्याला दिसायचा नाही. अब्बा म्हणायचे, "रुमाल चार आण्याचा, पण त्याच्याखाली आख्खी बैलगाडी जायची." बाजार समित्या आल्या, उघड लिलाव आले आणि तो रुमाल उचलला गेला. लासलगावची बाजार समिती १९४७ची. तिथला कांद्याचा भाव रेडिओवरून घराघरांत ऐकू येऊ लागला, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात पहिल्यांदा व्यापाऱ्याइतकीच बातमी आली.

कांद्याच्या व्यापारातली पुढची गोष्ट त्याहून नवलाची. १९७४ पासून कांद्याची निर्यात नाफेड या सहकारी महासंघामार्फत होऊ लागली आणि खासगी निर्यातदार नाफेडचे सहयोगी म्हणून माल पाठवू लागले. एकाच गिऱ्हाइकासाठी एकमेकांशी भांडणारी ही मंडळी. पण १९७७ मध्ये नाफेड आणि या निर्यातदारांनी मिळून शेतीविकासाचं एक प्रतिष्ठान काढलं. आज ते राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठान म्हणून ओळखलं जातं. नावात 'बागवानी' बघून मला उगाच घरच्यासारखं वाटतं! निफाड तालुक्यात चितेगाव फाट्यावर त्याचं संशोधन प्रक्षेत्र आहे. 'ॲग्रीफाउंड डार्क रेड' हे कांद्याचं बियाणं आपल्याकडच्या पुष्कळ शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्यातलं 'ॲग्रीफाउंड' हे त्या प्रतिष्ठानाच्या जुन्या इंग्रजी नावावरूनच आलं.

व्यापाऱ्यांनी संशोधनावर आणि माहितीवर पैसा का घालावा? धर्मादाय म्हणून नव्हे. हिशेब साधा होता. उन्हाळ कांदा चाळीत सडला, पोळ कांदा वेळेवर आला नाही, तर परदेशातलं गिऱ्हाईक एका व्यापाऱ्याला दोष देत नाही. ते भारताचा कांदा घेणं थांबवतं. प्रतिस्पर्ध्याच्या शेतकऱ्याला चांगलं बी आणि खरी माहिती मिळाली, तर त्यात आपलाही माल जातो. संस्थेनं बी दिलं, साठवणुकीचे धडे दिले, आणि देशभरच्या बाजारांतली आवक आणि भाव सगळ्यांसाठी खुले केले. ज्यांचा धंदाच बातमी आधी मिळण्यावर चालायचा, त्यांच्या पैशातून बातमी सर्वांची झाली.

हे जिथं झालं नाही, तिथं काय झालं? त्याचंही उदाहरण आपल्याच जिल्ह्यानं भोगलं आहे. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभी केली आणि आपली द्राक्षं युरोपात जाऊ लागली. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. तेव्हा सगळे जागे झाले. 'अपेडा' ही केंद्राची निर्यात संस्था, कृषी खातं, मांजरीचं केंद्र, प्रयोगशाळा, निर्यातदार आणि बागायतदार यांची साखळी बांधली गेली. निर्यातीच्या बागांची नोंदणी सुरू झाली. कुठली औषधं वापरायची आणि कशाची तपासणी करायची, याच्या याद्या निघाल्या. २००६ मध्ये 'ग्रेपनेट' आलं आणि युरोपातल्या पेटीवरून थेट दिंडोरी किंवा निफाडमधल्या बागेपर्यंत माग काढता येऊ लागला. दुसऱ्या देशांनी कौतुक करावं, अशी व्यवस्था झाली.

आणि तरीही २०१० उजाडलं. त्या हंगामात युरोपातल्या तपासणीत आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. बागायतदार त्याला 'सीसीसी' म्हणतात. खरड छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ रोखून घडनिर्मितीला मदत व्हावी, म्हणून ते बागांत वापरलं जात होतं. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत मात्र त्या रसायनाचं नावच नव्हतं. माल इथून 'पास' होऊन गेला आणि तिथं नाकारला गेला. कंटेनर बंदरांत अडकले. कर्ज काढून बाग पिकवलेल्या माणसांचे पैसे थांबले.

मला या घटनेत कुणा एकावर बोट ठेवायचं नाही. मला दिसतं ते असं. औषध बागेत होतं, ते बागायतदाराला माहीत होतं. मर्यादा युरोपच्या कायद्यात होती, ती छापलेली होती. तपासणीची यादी प्रयोगशाळेच्या भिंतीवर होती. तीन कागद तीन ठिकाणी होते. ते एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवले असते, तर एक ओळ कमी आहे हे दहावी झालेल्या पोरालाही दिसलं असतं. माहितीचा दुष्काळ नव्हता. माहिती एकत्र बसली नव्हती. त्यानंतर ते रसायन तपासणीत आलं. पण ती एक ओळ लिहायला जिल्ह्याला जी किंमत मोजावी लागली, ती फार मोठी होती.

आज प्रत्येक बागायतदाराच्या खिशात फोन आहे. २००५ पासून शेतीला वाहिलेलं 'ॲग्रोवन' हे मराठी दैनिक आहे, मासिकं आहेत, व्हॉट्सॲपचे गट आहेत. ऐकायला आणि वाचायला इतकं कधीच नव्हतं. पण १९५६च्या तपासणीनं जे सांगितलं, ते अजून खरं आहे. नुसतं ऐकून ज्ञान वाढत नाही. चार माणसं बसून त्यावर भांडली, आणि त्यांची शंका सांगणाऱ्यापर्यंत परत गेली, तर ते वाढतं. फोनवर आलेला सल्ला पुढं ढकलता येतो. तो कुणाचा, कुठल्या बागेतला, चुकला तर उत्तर कोण देणार, हे विचारायला जागा नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. द्राक्षवाले, कांदेवाले, डाळिंबवाले, निर्यातदार, औषधविक्रेते यांचे संघ वेगवेगळे आहेत, राहोत. कसमादे पट्ट्यात डाळिंबावर तेल्या आला, तेव्हा तो बांधावर थांबून सातबारा बघत बसला नाही. शेजाऱ्याची बाग रोगट, हे ज्यानं लपवलं आणि ज्याच्यापासून लपवलं, दोघांच्याही बागा गेल्या. तेव्हा या सगळ्यांनी हंगामाच्या तोंडावर एकदा तरी आपापले कागद एका टेबलावर ठेवावेत. त्यातून चार पानांचं एकच सामायिक पत्रक काढावं, शेतकऱ्याच्या मराठीत. आणि त्याचं चौथं पान कोरं सोडावं. त्यावर शेतकरी प्रश्न लिहील. ते पान जमा करणारा आणि त्याचं उत्तर छापणारा एक चिटणीस मात्र प्रत्येक गावात हवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)