फिलोमिना : एका नावाचा अर्थ आणि इतिहास

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांना नामांतर नवे नाही. मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजी महाराजांनी राजगड उभा केला, तोरण्याला प्रचंडगड म्हटले. २०२४ साली वेल्हे तालुक्यालाच राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. नावाचा इतिहास एक, नाव धारण करणाऱ्याचा दुसरा. वसई-गोव्याकडील ख्रिस्ती घरांत रुळलेल्या 'फिलोमिना' या नावाविषयीही हा विवेक राखावा लागतो.

१८०२ च्या मे महिन्यात रोममधील प्रिसिल्लाच्या भूमिगत दफनभूमीत एका किशोरवयीन मुलीची कबर सापडली. ती भाजक्या मातीच्या तीन फरशांनी बंद केलेली होती. त्यांवरील अक्षरे ओळीने वाचली तर अर्थ लागेना : 'लुमेना – पाक्स ते – कुम फि'. पहिली फरशी शेवटी ठेवताच वाक्य जुळले : 'पाक्स तेकुम फिलुमेना', म्हणजे 'फिलुमेना, तुला शांती असो'.

भाविकांनी या नावात लॅटिन शब्द शोधून 'प्रकाशकन्या' असा अर्थ लावला. तो मोहक आहे, पण खरा नव्हे. नाव ग्रीक आहे. 'फिलेओ' म्हणजे प्रेम करणे. 'फिलुमेने' म्हणजे जिच्यावर प्रेम केले जाते ती, प्रिया. संत पौलाने ज्याला पत्र लिहिले त्या फिलेमोनाचे नाव याच कुळातले.

१८०५ साली तिचे अवशेष नेपल्सजवळील मुन्यानो येथे नेण्यात आले. आर्सचे संत जॉन व्हियानी तिचे निस्सीम भक्त होते. १८३७ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी तिच्या उपासनेस मान्यता दिली. पुढे फरशा मूळच्या दुसऱ्याच कबरीच्या असाव्यात, असे मत पुरातत्त्वज्ञांनी मांडले. तिच्या जीवनाची विश्वसनीय माहितीही नव्हती. १९६१ साली तिचा सण दिनदर्शिकेतून वगळण्यात आला.

मग हे नाव धारण करणाऱ्या भगिनींनी काय समजावे? १९६१ चा आदेश दिनदर्शिकेपुरता होता; कोणाचाही स्नानसंस्कार त्याने उणा झाला नाही. १९१७ च्या धर्मसभा-कायद्यात संताच्या नावाचा आग्रह होता. १९८३ च्या कायद्याला नाव ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसले म्हणजे पुरे. आणि 'प्रिया' याहून सुसंगत नाव कोणते? यार्देनेकाठी पित्याने पुत्राला प्रिय म्हणून संबोधिले. स्नानसंस्काराने आपणही त्याच प्रीतीत सहभागी होतो. कबरीतील ती मुलगी कोण, हे देव जाणतो. नावाचा अर्थ मात्र प्रत्येक फिलोमिनेला आपला म्हणता येईल.